भरीव आवाज

फार मागे एका खाडीतल्या कालवांमध्ये साथ आली आणि खडकच्या खडक ओसाड झाले. कालवं काढणारी सगुणा कोयतीने एकेक शिंपला ठोकत होती. सगळे पोकळ वाजत होते. एका कपारीतली थोडी वाकडीतिकडी कालवं तेवढी भरीव वाजली.

त्यांतलं एक म्हणालं, "मावशी, आज आम्हाला नेऊ नकोस."

"मग कालवणात काय घालू, दगड?"

"साथीतून उठलेली आम्ही एवढीच आहोत. आधी पिल्लं होऊ देत. ती आमच्यासारखी चिवट निघतील."

सगुणा कुरकुरत रिकामी टोपली घेऊन गेली.

पुढच्या वर्षी साथ पुन्हा आली. सगुणाने खडक ठोकून पाहिला. पुष्कळ शिंपले पोकळच वाजले. पण मधूनमधून आतून आवाज येत होता, "हळू ठोक, मावशी. जागीच आहोत."