कापून ठेवलेले आवंढे

“आवाज चोख, चित्र चोख. मग माझा कोंबडा मेला कसा, आबा?”

गौरेश हे विचारतच अंगणात शिरला. पुण्याहून थेट कुडाळजवळच्या या वाडीत आला होता, आणि चपला काढायचंही भान नव्हतं.

भागोजी आबा ओटीवर कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या ओवत होते. बाहुली नाचवायला गौरेश दोन वर्षं त्यांच्याकडेच शिकला. आता तो कार्टून काढायचा. आवाजही स्वतःचाच. आधी बोलायचा, मग त्या बोलण्यावर चित्रं हलवायचा. त्याचा शिरपा कोंबडा पोराटोरांत भलताच गाजला होता, आणि गौरेशच्या डोक्यालाही थोडा तुरा फुटला होता.

“बस. पाणी पी.”

“बसायला वेळ कुठाय? अं... हां! नवा भाग परवा चॅनेलला द्यायचाय. काल शाळेत दाखवला. चाळीस पोरं, एकही हसलं नाही! एक मुलगी म्हणाली, शिरपा आजारी आहे का...”

तो ओटीच्या कडेला टेकला.

“काय बदललंस?”

“बिघडवलं काहीच नाही, उलट सुधारलं! बोलताना मी सारखा आवंढा गिळतो, अं-हां करतो. तो सगळा कचरा कापला. आठ मिनिटांतून चाळीस सेकंद! मोठ्या चॅनेलवर असं घुटमळून चालतं होय?”

 आबांनी बाहुलीच्या दोऱ्या गौरेशच्या बोटांत अडकवल्या.

“नाचवू?”

“नको. नुसतां बोल. कोंबो पयलो कसो सुचलो, तां सांग.”

गौरेशची कळी खुलली. “मामाच्या परड्यात होता एक! अं... हां! पहाटेच मान ताणून उभा राहायचा, पण आवाजच निघायचा नाही. अख्ख्या वाडीचा चहा पिऊन व्हायचा... हां! आणि मग हा आरवायचा!”

बाजूला फणसाच्या आठळ्या सोलत बसलेल्या काकू खुदकन हसल्या. मग त्यांना हसू आवरेना.

“काय झालं?”

“खाली बघ मरे!” काकूंनी बाहुलीकडे बोट दाखवलं.

गौरेशने आवंढा गिळला. त्याबरोबर त्याची बोटं आपोआप वर गेली आणि बाहुलीने मान ताणली. तो “हां!” म्हणाला, तशी तिने दाणकन पाय आपटला.

“अहो, पण मी काहीच करत नाहीये!”

“आता कचरो काढून बोल.”

गौरेशने तीच गोष्ट बातम्या वाचाव्यात तशी सांगितली. एक शब्द अडला नाही. बाहुली दोरीला लोंबत राहिली.

काकूंचा हात आठळीवरच थांबला...

आणि गौरेश ताडकन उठला! “टाकले नाहीत, आबा! कापलेले तुकडे मी टाकलेच नाहीत! वेगळे ठेवलेत!”

बोटांतल्या दोऱ्या सोडवून त्याने लॅपटॉप उघडला. आवाज सुरू झाला. चाळीस सेकंद, आणि त्यात एक धड वाक्य नाही. अं... आवंढा... हां! श्वास... पुन्हा आवंढा... अं... हां!

काकूंनी तोंडाला पदर लावला. आबा डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांची रिकामी बोटं हवेत नाचायला लागली होती.

“शिरपा सापडला!” गौरेश ओरडला. आनंदाने त्याला काय करू नि काय नको झालं होतं. “आता हे एकेक उचलतो आणि त्या बोलण्यात जागच्या जागी बसवतो. परवापर्यंत होतं की नाही बघा, आबा!”

आबांनी डोळे उघडले. बोटं अजून थांबली नव्हती.

“उलटां करतंस. कोंबो ह्यो. बोलणां तेच्यात बसव.”