मुक्या पट्ट्यातले सात दिवस

फार वर्षांपूर्वी, आगबोटी नव्हत्या तेव्हा, खाडीकाठच्या एका गावात एक तांडेल राहायचा. गलबत हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि गप्पांत तर नव्हताच नव्हता! तरुणपणी एकदाच तो दक्षिणेच्या दूरच्या बेटांवर जाऊन आला होता, पण त्या एका सफरीवर त्याने जन्मभर गप्पा मारल्या.

"आधी ईशान्येचा वारा," तो हात नाचवत सांगे. "मग लागतो मुका पट्टा. तिथे वारा मुळी बोलतच नाही. बरोब्बर सात दिवस! आठव्या दिवशी आग्नेयेचा वारा आलाच म्हणून समजा."

त्याला स्वतःला सात दिवस लागले होते, एवढंच खरं. पण सांगता सांगता त्याचा नियम होऊन बसला.

म्हातारपणी त्याला पुन्हा त्याच बेटांवर गलबत न्यायचं काम मिळालं. रांधणं आणि पिण्याचं पाणी झिलू भंडाऱ्याकडे होतं. निघताना त्याने विचारलं, "मामा, मुक्या पट्ट्यासाठी पाणी किती दिवसांचं घेऊ?"

"सात. जास्त घेऊन काय आंघोळी करायच्यात?"

सगळे हसले. झिलूही हसला.

मुका पट्टा लागला. शीड लुळं पडलं, समुद्र तेलासारखा निपचित झाला. सात दिवस गेले. आठव्या दिवशी दुपारी डोक्यावर काळा ढग आला तसा झिलू धावत आला.

"मामा, शीड उतरवून आडवं ताणू या. पिंपभर पाणी मिळेल!"

घसा तांडेलाचाही कोरडा पडला होता. पण सगळे त्याच्याकडेच बघत होते. शीड उतरवायचं म्हणजे आज वारा येत नाही, हे कबूल करायचं.

"शीड राहू दे," तो खेकसला. "आज वारा येणार म्हणून सांगितलंय ना मी?"

पाऊस आला आणि घटकाभरात गेला. उभ्या शिडावरून पाणी समुद्रात वाहून गेलं. लोट्यांत घोट घोट काय ते जमलं. वारा कसचा येतोय!

दहाव्या दिवशी झिलू कोसळला. तापाने फणफणलेल्या खलाशांना तो आपल्या वाटचं पाणी पाजत होता, हे तेव्हा कळलं. तांडेल आपला लोटा घेऊन त्याच्या उशाशी बसला.

"मामा, खरं सांगा. वारा कधी येईल?"

तांडेलाला रडू आवरेना. "मला ठाऊक नाही रे, झिलू. मी एकदाच आलो होतो इथे. सात दिवसांचं मी आपलं उगाच सांगत आलो."

झिलू म्हणाला, "मग आता तरी शीड उतरवा."

त्यांनी शीड उतरवून आडवं ताणलं. बाराव्या दिवशी पाऊस पडला आणि पिंपं भरली. बाकीचे सगळे वाचले. झिलू मात्र अकराव्या दिवशीच पहाटे गेला होता. वारा आला तो पंधराव्या दिवशी.

पुढे गावातली पोरं विचारायची, "आजोबा, मुका पट्टा किती दिवसांचा हो?"

"ठाऊक नाही," म्हातारा म्हणायचा. "मला एकदा सात लागले, एकदा पंधरा. तुम्ही पाणी महिनाभराचं घ्या. आणि ढग दिसला की शीड उतरवा, कुणालाही विचारत बसू नका."

यातून घ्यायचं तात्पर्य इतकंच: ज्याच्या शब्दावर चार जीव विसंबून असतात, त्याला 'मला ठाऊक नाही' हे वेळेवर म्हणता आलं पाहिजे.