नाकारलेली भिशी

एकदा एक चहाचा व्यापारी आपले उत्तम चालणारे दुकान विकण्याचा कागद करून घ्यायला एका वृद्ध वकिलांकडे आला. तालुक्याच्या त्या गावात त्याला सगळे मुरलीशेठ म्हणत. निरनिराळी पत्ती एकत्र करून शेठ जे मिश्रण तयार करीत, त्याची सवय आसपासच्या हॉटेलवाल्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना इतकी जडली होती की दुसरा चहा कुणी मागत नसे. असा माणूस दुकान का विकतो, हे वकिलांच्या हाताखाली काम शिकणाऱ्या ऋजुताला कळेना.

शेठनी आडपडदा ठेवला नाही. घशाचा कर्करोग निघाला होता. डॉक्टरांच्या मते तो वेळेत लक्षात आला होता आणि उपचार पूर्ण घेतले तर बरे होण्याची चांगली आशा होती. खर्च मात्र शेठच्या आवाक्याबाहेरचा होता. दुकान घ्यायला एक जण तयार होता; आजाराची बातमी त्याच्या कानावर गेल्यामुळे भाव पाडून मागत होता, इतकेच.

“विकून मोकळा होतो,” शेठ म्हणाले. आवाज पार बसला होता. “उपचार होतील आणि कुणापुढे हात पसरायला नको.”

“आणि बरे झाल्यावर खायचं काय?” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी इंदुताईंनी विचारले. हा प्रश्न त्यांनी घरी पुष्कळदा विचारला असावा, कारण शेठनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

ऋजुताला राहवले नाही. मुलगी हुशार आणि मनाने चांगली, आणि हुशार माणसांना उत्तर ठाऊक असले की गप्प बसवत नाही. तिने शेठना एकेक वाट समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांचा आरोग्यविमा होता. कंपनीने ‘आजार जुनाच आहे’ असे सांगून दावा परत पाठवला होता, पण त्याविरुद्ध विमा लोकपालांकडे दाद मागता येत होती. व्यापारी संघाचा आजारनिधी होता. सरकारी योजनेत हा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या समाजसेविकेकडून कळणार होते. दुकान न विकता इंदुताईंच्या नावे मुखत्यारपत्र केले की व्यवहार त्या बघू शकत होत्या. यात चुकीचे काहीच नव्हते. शेठनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“ताई, तुमचे उपकार आहेत,” ते म्हणाले. “पण आमच्या घराण्यात कुणाच्या दारात तोंड वेंगाडायची पद्धत नाही. संघाच्या निधीत मी दरसाल घालत आलो, तो गोरगरिबांसाठी. त्यातलं मी कसं घेऊ? आणि कंपनीशी भांडून पैसे काढणं मला शोभत नाही. तुम्ही कागद करा.”

ऋजुताने आशेने आपल्या गुरूंकडे पाहिले. आता सर चांगली कानउघाडणी करतील अशी तिची खात्री होती. वृद्ध वकील मात्र चष्मा पुसत म्हणाले, “करू की. पण रविवारनंतर. रविवारी भिशी आहे ना तुमच्याकडे? ती उरकली की सोमवारी कागद.”

भिशी शेठच चालवीत. त्या गल्लीतले किराणावाले, शिंपी, सायकलवाले आणि खुद्द वकील असे सगळे तिच्यात होते. दरमहा प्रत्येकाने ठरलेली रक्कम घालायची, डब्यातून एक चिठ्ठी काढायची, आणि ज्याचे नाव निघेल त्या माणसाने साठलेले सगळे न्यायचे. ज्याला एकदा मिळाली त्याची चिठ्ठी पुन्हा पडत नसे. या वेळी डब्यात दोनच नावे उरली होती. एक वकिलांचे, दुसरे बांगड्या विकणाऱ्या सोजरबाईंचे. सोजरबाईंना डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यायचे होते आणि त्या आपल्या पाळीची वाट पाहत होत्या.

रविवारी संध्याकाळी शेठच्या दुकानात सगळे जमले. ऋजुताही सरांबरोबर आली होती. इंदुताईंनी चिठ्ठी काढली. नाव वकिलांचे निघाले. शेठनी पैशांचे पुडके त्यांच्यापुढे धरले.

वकील हात मागे घेऊन म्हणाले, “मला नको.”

“नको म्हणजे?”

“सगळ्यांच्या कष्टाचा पैसा. तो मी कसा नेऊ? लाज वाटते.”

 सायकलवाल्याला वाटले, हिशेबात काही संशय आलेला दिसतो. शिंपी शेठच्या तोंडाकडे बघू लागला. शेठचा चेहरा उतरला. इतकी वर्षे भिशी चालवली, पण असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

“काका, आमचं काही चुकलं का?”

“नाही हो. भरायला मला आवडतं, म्हणून भरत आलो. घ्यायचं म्हटलं की कसंसंच होतं.”

ऋजुता मनातून चडफडली. सरांच्या घरचे पत्रे गळत होते आणि ते बदलण्यासाठी याच भिशीवर त्यांची भिस्त होती, हे तिला ठाऊक होते. शिवाय समोर आजारी माणूस बसलेला असताना हा कसला हट्ट, असे तिला वाटले.

तेवढ्यात सोजरबाई हळूच म्हणाल्या, “मग शेठ, पुढल्या खेपेला मी तरी कशी घेऊ? येवढा मोठा माणूस नको म्हणतोय. लोक म्हणतील, हिलाच लई हाव सुटली.”

शेठ त्यांच्याकडे वळले. “सोजरबाई, तुम्ही घ्यायची. अगदी मान वर करून घ्यायची. तुम्ही महिन्याच्या महिन्याला घातलेत ते काय दान होतं का?” मग त्यांनी वकिलांकडे पाहिले, आणि इतक्या दिवसांत प्रथमच त्यांच्या बसक्या आवाजाला धार आली. “आणि काका, तुम्ही हे बरं नाही केलंत. भरायच्या वेळी भरायचं आणि पाळी आली की निमूट घ्यायचं, याला भिशी म्हणतात. तुम्ही मोठेपणानं नको म्हणणार, आणि ज्याला खरी नड आहे तो उद्या हात पुढे करायला बिचकणार. असं झालं तर भिशी मोडली म्हणून समजा.”

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. इंदुताईंनी पाण्याचा पेला दिला, पाठीवरून हात फिरवला, आणि ठसका थांबल्यावर विचारले, “आत्ता काय बोललात, ते तुमचं तुम्ही ऐकलंत का?”

शेठनी पेला हळूच खाली ठेवला.

तेव्हा वृद्ध वकील अतिशय मृदू स्वरात म्हणाले, “शेठ, तुम्ही विम्याचे हप्ते भरलेत, संघाच्या निधीत घातलंत, सरकारला कर दिलात. यांतली प्रत्येक गोष्ट एक भिशीच आहे. फरक एवढाच की तिथं चिठ्ठी आपल्या हातांनी निघत नाही. ती आजारपणाच्या रूपानं येते, आणि आपलं नाव निघू नये असंच प्रत्येकाला वाटतं. तुमचं निघालं. वाईट झालं, मला फार वाईट वाटतं. पण निघाल्यावर ते नाकारण्यात पुण्य नाही. तुमच्यासारखा प्रतिष्ठित माणूस नको म्हणाला, की ते घेणं ही भीक ठरते, आणि तिचा डाग तुमच्या मागून येणाऱ्या गरिबाला लागतो. आणि हक्काचं अडवणाऱ्याशी कायद्यानं भांडणं यात अशोभनीय काही नाही. त्यासाठीच तर आमच्यासारखी माणसं आहेत.”

 शेठच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्यांनी लपवले नाही. मग त्यांनी पैशांचे पुडके उचलून वकिलांच्या मांडीवर ठेवले. “आधी हे घ्या,” ते म्हणाले. “उद्या येतो. दुकान विकायचं नाही. ऋजुताताई सांगतील तिथं सह्या करतो.”

वकिलांनी पुडके मुकाट्याने पिशवीत घातले आणि पत्रे कुठे स्वस्त मिळतात याची किराणावाल्याकडे चौकशी सुरू केली.

घरी परतताना ऋजुताने विचारले, “सर, मी तेच तर सांगत होते. माझं का ऐकलं नाही त्यांनी?”

“तू त्यांना काय काय मिळेल ते सांगितलंस, आणि अगदी बरोबर सांगितलंस,” वकील म्हणाले. “पण ते घेताना त्यांना काय गमवावं लागेल असं वाटतंय, ते विचारलं नाहीस. कायदा माणसाला हक्क देतो. तो हक्क वापरावा असं त्याला वाटणं, हे वेगळं काम आहे, आणि तेही आपल्याकडंच येतं.”

“आणि आज सोजरबाईंची चिठ्ठी निघाली असती तर?”

“तर माझी पंचाईत होती,” वकील हसून म्हणाले. “पण बाईंचं ऑपरेशन महिनाभर आधी झालं असतं, हे काय कमी?”

पुढे सगळेच मनासारखे झाले असे नाही. विमा कंपनीने बरेच झुलवले. ऋजुताने चिकाटीने पाठपुरावा केला आणि अखेर निकाल शेठच्या बाजूने लागला. तोवर संघाच्या निधीने निभावले. सरकारी योजनेत नाव बसले नाही, पण समाजसेविकेच्या खटपटीने काही औषधे सवलतीत मिळाली. दुकान इंदुताईंनी चालवले, आणि मिश्रण जमायला त्यांना थोडा वेळ लागला तेव्हा हॉटेलवाल्यांनी तक्रार न करता फिकट चहा खपवला. शेठ बरे झाले. आवाज तेवढा पहिल्यासारखा झाला नाही, पण गल्ल्यावर बसून भाव सांगायला तो पुरत होता, आणि ते त्यात सुखी होते.

एके सकाळी वकिलांच्या कचेरीत एक अनोळखी गृहस्थ आले. त्यांच्या पत्नीला तोच रोग निघाला होता. ऋजुताने खुर्ची पुढे केली. एरवी अशी माणसे आधी घुटमळतात, आम्ही हात पसरणारे नव्हे म्हणून सांगतात. हे गृहस्थ सरळ बसले.

“मुरलीशेठनी पाठवलंय,” ते म्हणाले. “म्हणाले, लाजायचं असेल तेवढं माझ्या दुकानात बसून लाजून घ्या. तिथं मात्र तोंड उघडून विचारा.”

“मग झालं लाजून?” ऋजुताने विचारले.

“दोन कप चहा लागला,” गृहस्थ म्हणाले, आणि पत्नीचे कागद त्यांनी तिच्यापुढे ठेवले.

आपल्यापैकी जो कोणी पाळी आल्यावर संकोच न करता आपला वाटा घेतो, तो आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाची वाट मोकळी करीत असतो.