जंतूची आई

मुलांनो, जंगलाच्या टोकाला एक तळे होते आणि त्याच्या काठच्या खड्यांत एक टिटवी राहत असे. त्या उन्हाळ्यात तिची पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. त्यांना पळता येई, उडता येत नव्हते. टिटवी पोटाची पिसे तळ्यात भिजवून यायची आणि पिल्लांवर बसून त्यांना गारवा द्यायची. अशातच एक रानडुक्कर तळ्यात मरून पडले. त्याच्या कुजत्या अंगावर टिटवीला एक जंतू दिसला, तिच्यासारखी बारीक नजर असेल तरच दिसावा एवढासा. तो खात होता, फुगत होता. पाहता पाहता तो मधोमध आवळला आणि एकाचे दोन झाले.

"तुझी अंडी कुठायत? जोडीदार कुठाय?" टिटवीने विचारले.

"कशाला हवीत?" दोघेही म्हणाले. "पोट भरलं की आम्ही दुभंगतो. मग ते दोघं खातात आणि तेही दुभंगतात."

टिटवी सभापती हत्तीकडे धावली. "हत्तीदादा, तेवढं डुक्कर बाहेर ओढा. तुमच्या सोंडेला ते काय जड?"

पण त्या जंगलाची एक रीत होती. गुन्हा कोणाचाही असो, आधी त्याच्या आईला सभेत बोलावून समज द्यायची, मगच पुढचे पाऊल उचलायचे. माकडांच्या बाबतीत ही रीत फार उपयोगी पडली होती. सभेचे काम पाहणारा कोल्हा जंतूंना म्हणाला, "आईला हजर करा."

"मी आई," एक जंतू म्हणाला.

"मीपण," दुसरा म्हणाला. "आई मेली नाही, कुठं गेलीही नाही. ती आम्हा दोघांत वाटली गेली."

"थट्टा चाललीय सभेची," कोल्हा म्हणाला. "खरी आई कोण ते ठरेपर्यंत सुनावणी तहकूब."

"अहो, तुम्ही तहकूब करता तेवढ्यात ते दुप्पट होतात!"

"बाई, तू स्वतःच्या सावलीला पाहूनही ओरडतेस," कोल्हा म्हणाला. सभा हसली. हत्तीही हसला.

पुढच्या सभेला 'मी आई' म्हणणारे मोजता येईनात. त्याच्या पुढच्या सभेला तर सारे तळेच बोलू लागले. पाणी दाटले, घाण मारू लागले, मासे उलटे तरंगू लागले. हत्तीने सोंड बुडवली आणि लगेच झटकली. "टिटवीचं म्हणणं बरोबर होतं," तो म्हणाला. "पण आता डुक्कर ओढून काय उपयोग?" आणि तो कळप घेऊन डोंगरापलीकडच्या नदीकडे निघाला.

"तूही चल की," जाता जाता कोल्हा म्हणाला.

"पिल्लांना अजून पंख फुटायचेत," टिटवी म्हणाली. ते ऐकायला कोणी थांबले नव्हते.

दुपारी खडे तापले. पिल्ले चोची उघडून धापा टाकू लागली. पाण्यात काय आहे ते टिटवीला ठाऊक होते, पण जवळपास दुसरे पाणी नव्हते. तिने पिसे भिजवली आणि ती पिल्लांवर बसली. तहानलेली पिल्ले पिसांवरचे थेंब टिपू लागली. तिने त्यांना अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी तळ्यातून अगणित आवाज येत होते, "मी आई, मी आई." काठावरची टिटवी मात्र निपचित पिल्लांवर बसून गप्प होती.

तात्पर्य : दुपटीने वाढणाऱ्या संकटाला पुढची तारीख देणे म्हणजे त्याला वाढायला मदत करणे, आणि अशी तारीख देणाऱ्यांना दुसऱ्या पाण्याची वाट आधीच ठाऊक असते.