सुताराने पिन घासली

फार जुनी गोष्ट नाही. एका गावाच्या खालच्या आळीत एक सुतार राहत होता. हाताने कसबी, स्वभावाने हेकट. दार चौकटीत बसेना, की हा रंधा मारून ते बसवणारच. ‘बसत नाही’ म्हटलेलं त्याला खपत नसे.

त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली होती. आज तिच्या तान्ह्या मुलीचं बारसं होतं आणि दिवेलागणीला ती सगळं फोनवर दाखवणार होती. नुसते फोटो पाहून आजी-आजोबांचं पोट भरत नव्हतं. नात रडताना, हसताना बघायची होती. सुतारीण तर सकाळपासूनच नवं लुगडं नेसून बसलेली.

आणि नेमकी उंदराने चार्जरची वायर कुरतडली! फोन मान टाकायच्या बेतात.

“जावईबापू मागे एक वायर विसरून गेलेत,” सुतारीण म्हणाली, “पण त्यांच्या फोनची कंपनी वेगळी. तिची पिन रुंद आहे, आपल्याला बारीक लागते.”

“रुंद आहे ना? मग बारीक करू!” सुताराने कानस काढली.

“अहो, ते काय लाकूड आहे?”

पण तो कुणाचं ऐकतोय! एक डोळा मिटून त्याने पिन घासघास घासली. अगदी मापात बसली. स्वारी मिशीत हसली. चार्जिंग मात्र होईना. काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. फोन ढिम्म. थोड्या वेळाने तो बंदच पडला.

सुतारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. “वरच्या आळीतल्या सुताराकडे असाच फोन आहे,” ती हळूच म्हणाली.

देवळाच्या दरवाजाच्या कामावरून दोन्ही सुतारांत वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. “त्याच्या दारात? मी?” सुतार गरजला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि बंद फोन खिशात टाकून वहाणा घातल्या. दोघं निघाली.

“काय काम काढलंत?” वरच्या आळीतल्या सुताराने दारातच विचारलं.

“नातीचं बारसं आहे. फोन बंद पडलाय. तुमची वायर... मिळेल का?” सुतार स्वतःच्या वहाणांकडे बघत म्हणाला.

“मग बाहेर काय उभे राहिलात? या वहिनी, आत या!”

कुणी नेऊ नये म्हणून त्याने वायर भिंतीला पट्टी ठोकून पक्की केली होती, आणि होतीही आखूड. त्यामुळे तिघांना भिंतीशी डोक्याला डोकं लावून बसावं लागलं.

वायर जोडली, थोड्या वेळात फोन सुरू झाला आणि लेकीला लागला. पाळण्यातलं लालबुंद इवलं तोंड जांभई देत होतं. आत्याने कानात नाव सांगितलं, आत्याच्या पाठीत धपाटे पडले. सुतार लहान मुलासारखा रडला.

“बाबा,” लेक चकित होऊन म्हणाली, “तुम्ही त्यांच्या घरी?”

सुताराने शेजारी पाहिलं. तोही डोळे पुसत होता.

“काकांच्या घरी, गं,” सुतार म्हणाला. “बाळ जरा जवळ आण. काकांना नीट दिसत नाहीये.”

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जे जुळत नाही ते घासून जुळवू नका, जुळणारं ज्याच्याकडे आहे, त्याचं दार वाजवा.