पद्माक्कांचे पाय

"मग उभं कोण राहिलं?" मुलाणी मॅडमनी विचारलं.

"पद्माक्का, मॅडम. माझ्या डोळ्यांसमोर," ओजस म्हणाला.

"आणि घाम तुला का आलाय?"

ओजसनं बाहीला कपाळ पुसलं.

मिरजेच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, मुलाणी मॅडमनी केस पांढरे केले. आजाऱ्याला अंथरुणात हलवायचं, बसवायचं, हळूहळू पायांवर आणायचं, हेच त्यांचं काम. ओजस त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, दंड कमावलेले, आणि आरशानं त्याला तसं सांगितलेलंही.

पद्माक्का चौगुले न्यूमोनियातून वाचल्या होत्या. श्वासाचं मशीन सुटलं, नाकात प्राणवायूची नळी तेवढी उरली. पण पायांच्या पार काटक्या झालेल्या. अशाच पडून राहिल्या तर छाती पुन्हा भरेल आणि पुन्हा मशीन लागेल, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

म्हणून ओजसनं काखेत हात घालून त्यांना जोंधळ्याच्या पोत्यासारखं उचललं होतं.

"हालचाल मोजायच्या पट्टीवर अक्का एका दिवसात दोन पायऱ्या वर गेल्या, मॅडम."

"पट्टीत खोट नाही रे. पण मोजलंस कुणाला?"

"त्या स्वतः काही करतच नाहीत. म्हणतात, माझ्यात काय राहिलंय आता."

मॅडम दाराकडं वळल्या.

"चल. हात जवळ ठेव. लावायचे नाहीत."

"पडल्या तर?"

"म्हणून तर जवळ."

खाटेपाशी जाऊन मॅडम नुसत्या उभ्या राहिल्या. ऊठ नाही, बस नाही. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"गुडघ्यानं जीव नकोसा केलाय बघा, अक्का."

पद्माक्कांनी इकडंतिकडं बघितलं. आसपास खुर्ची नाही. जन्मभर आल्यागेल्याला पाट मांडलेली बाई ती...

"उभ्या का बाई? बसा की."

असं म्हणून त्यांनी एक पाय ओढला. मग दुसरा. कोपर रेटलं, दम घेतला, आणि पाय खाटेखाली सोडून शेजारी जागा करून दिली.

ओजसचे हात पुढं झाले. मॅडमनी नुसतं बघितलं. हात थांबले.

दोघी शेजारी शेजारी बसल्या.

"तुमच्या सुनेला आमटी जमते का, अक्का?"

"जमते की. पाणी छान घालते."

दोघी हसल्या. ओजसची नजर प्राणवायूच्या आकड्यावर. आकडा आपला जागच्या जागी.

जरा वेळानं मॅडम उठल्या.

"येते हं, अक्का."

"अशा कशा? च्या न घेता?"

पाहुण्याला बसल्या जागेवरून निरोप देणं पद्माक्कांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी खाटेचा कठडा धरला. मांड्या लटलटल्या. वाऱ्यात दिव्याभोवती ओंजळ धरावी तसे ओजसचे हात त्यांच्याभोवती, पण कुठं टेकलेले नाहीत.

पद्माक्का उभ्या राहिल्या. वर एक पाय पुढंही सरकला.

"दारापर्यंत येते की."

"आज इथवरच. उद्या दारापर्यंत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना हलकेच खाली बसवलं.

बाहेर आल्यावर ओजस बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत चालला होता.

"मॅडम, मोठे डॉक्टर विचारतील, उठायला मदत कुणाची लागली. काय सांगू?"

"सांग, पाहुणे आले होते."