गार पडलेलं चाक

एकदा एक म्हातारा मिस्त्री होता आणि त्याचा एक चेला होता. अशा गोष्टींतला ज्ञानी पुरुष नेहमी झाडाखाली डोळे मिटून बसलेला असतो. हा मात्र गाडीखाली डोळे मिटून पडलेला असायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, काय ती एकाग्रता! गाडीच्या अंतरंगात शिरलाय म्हातारा! प्रत्यक्षात तो घोरत असायचा. पण ज्ञानी होता, यात शंका नाही. नाव नूरमहंमद, सगळे म्हणायचे नूरचाचा. घाट उतरून रस्ता जिथं सपाट होतो तिथंच त्याचं गॅरेज. वरून येणारी प्रत्येक गाडी त्याच्या दारावरून कुरकुरत जायची आणि चाचा बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "हिच्या ब्रेकचे लायनर गेले बघ. येतीय परत."

आणि ती यायचीच.

चेल्याचं नाव लहू. हाताला चलाख, तोंडाला त्याहून चलाख. अर्धी विद्या चाचाकडून घेतलेली, उरलेली मोबाईलवरच्या व्हिडिओंतून. चाचानं पाना मागितला की हा आधी पान्यावर भाषण द्यायचा आणि मग चुकीचा पाना द्यायचा. तरी चाचाचा त्याच्यावर जीव. त्याला शिव्यासुद्धा अशा द्यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, घास भरवतोय.

लहूला एक थोरली बहीण, दीपाली. लहू तिला अक्का म्हणायचा. तिचं सासर घाटाच्या वर आणि माहेर घाटाच्या खाली. अक्काचे दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे तर ठरलेलंच, त्यामुळे तिला घाट उतरून आणायची होती. आणायची कशात? तर दाजींच्या पिकअपमध्ये. दाजी म्हणजे अक्काचा नवरा, हणमंत. त्याची पिकअप इतकी जुनी, की ब्रेक दाबला तर आधी विचार करायची, मग थांबायची.

लहूनं छाती ठोकून सांगितलं, "दाजी, गाडी माझ्याकडं सोडा. अक्का बसणार त्या गाडीला असले ब्रेक बसवतो, की विमान थांबवून दाखवीन!"

"विमान नको," दाजी म्हणाला, "पिकअप थांबली तरी लई झालं."

लहू कामाला लागला. पुढच्या दोन्ही चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढले आणि चकचकीत डिस्क ब्रेक बसवले. हलक्या पायानंही ब्रेक लागावा म्हणून बूस्टर बसवला. जेवायचं विसरला. चाचा येऊन बघायचा, "हं" म्हणायचा आणि परत गाडीखाली अंतर्धान पावायचा.

काम झालं. लहूनं गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत गाडी जोरात आणली आणि कचकन ब्रेक मारला. गाडी खुंटीला बांधल्यासारखी उभी! पलीकडच्या वडेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. लहूनं खाली उतरून नमस्कार केला. फक्त हारतुरे बाकी होते.

चाचानं विचारलं, "मागं काय केलंस?"

"मागं काय करायचंय? जुने ड्रम हायेत की. गाडी पुढं जाती चाचा, मागं नाय. खरं काम पुढच्याच ब्रेकचं. व्हिडिओत पण तेच सांगतात."

"समदं काम पुढचंच?"

"समदं नाय, पण जास्त तेच."

"आन् ऱ्हायलेलं?"

"ते... करत असतील की मागचे."

"आन् ब्रेकचं तेल?"

"कमी हुतं तेवढं वर टाकलं."

चाचानं बशी खाली ठेवली. "गाडीत वाळूची पोती भर. घाटात जाऊन येऊ."

"पोती कशाला? अक्का एवढी जड नाय, चाचा. तिनं ऐकलं तर मारंल."

"तुझा दाजी काय रिकामी गाडी खाली आणतोय व्हय? बायकोला सोडता सोडता कोबी पण उतरवंल. भर."

भरली पोती. लहू गाडी चालवत वर गेला, घाटातल्या देवळापाशी वळवली आणि उतरायला लागला. पहिली वळणं म्हणजे नुसतं लोणी. पाय टेकवला, की गाडी धरतेय. लहूची बडबड सुरू झाली. "बघा चाचा! आता सांगा! गावात कुणी केलंय का असलं काम?" चाचा खिडकीतून बाहेर बघत होता.

अर्धा घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला. लहूची बडबड कमी झाली. शेवटच्या वळणाला त्यानं ब्रेक दाबला, तेव्हा पाय नेहमीपेक्षा आत गेला. बराच आत. गाडी थांबली, पण बरीच पुढं जाऊन.

खाली सपाटीला गाडी उभी राहिली आणि मग चाचानं विचित्रच काम केलं. उतरला, वाकला आणि एकेका चाकाला हात लावत गाडीला फेरी घालायला लागला. पुढच्या चाकापाशी नुसता उलटा हात नेला आणि चटकन मागं घेतला. मागच्या चाकाला मात्र हात लावून उभाच राहिला. आजारी लेकराच्या कपाळाला आई हात लावते ना, तसा. मग पलीकडचं चाक. तिथंही तेच.

लहूला राहवेना. "चाचा, पाया पडून झालं आसंल तर आरती पण आणू का?"

"हिकडं ये. हात लाव."

"कुठं?"

"मागच्या चाकाला. भिऊ नको, चावत नाय."

लहूनं हात लावला. चाक गार. माठासारखं गार. त्याला काही कळेना. एवढा घाट उतरलो, एवढे ब्रेक मारले, आणि हे गार?

"आता पुढं हात ने. लावू नको हां, पोळशील. नुसता जवळ ने."

पुढच्या चाकातून तव्यासारखी धग येत होती.

"आन् आता खरं सांग," चाचा म्हणाला, "शेवटच्या वळणाला पाय किती आत गेला?"

"थोडा."

"थोडा म्हंजे?"

लहूनं मान खाली घातली. "जास्त."

चाचा त्याच्या शेजारीच रस्त्याकडेच्या दगडावर बसला. रागावला नाही. त्यानं आधी चेल्याच्या पाठीवरची धूळ झटकली, आणि मग बोलला.

"हे तापलंय ना, ते वाईट नाय रे. चौघांचं काम दोघांवर पडलंय, म्हणून तापलंय. सपाटीला तू त्याची ऐट बघितलीस. उतारावर त्याचा जीव गेला. त्याच्याच धगीनं जुनं तेल उकळाय लागलं, म्हणून तुझा पाय आत गेला. आन् हे मागचं गार हाय, ते आळशी नाय. तुझा पाय तिथवर पोचतच नाय. तू वरनं दाबतोस, पण त्याला सांगावाच जात नाय, की बाबा, थांबायचंय. कुठंतरी अडकलंय ते. नवीन आणलंस, चांगलं केलंस, माझ्यापेक्षा सुबक बसवलंस. पण जुन्याला एकदा उघडून विचारायचं तरी, की तुझं काय चाललंय?"

लहूनं परत एकदा मागच्या चाकाला हात लावून बघितला.

आता वाचणाऱ्यांनी राग मानू नये, पण घराघरात हीच पिकअप असते. एक जण सारखा तापलेला असतो आणि बाकीचे त्याला म्हणतात, "किती तापट!" एक जण कोपऱ्यात गार बसलेला असतो आणि त्याला म्हणतात, "याला कशाचं काही नाही!" हात लावून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. असो. गोष्ट पुढं न्यायला हवी, दाजी आलाय.

दाजी वडेवाल्याकडून वडा खातच आला. "झाली का गाडी, मेव्हणं? उद्या सकाळी निघायचं म्हणून तुमची अक्का पिशव्या भरून बसलीय."

लहूनं चाचाकडे बघितलं. चाचा मुद्दाम दुसरीकडे बघत होता. आता हे ज्याचं त्यालाच बोलायला लागणार होतं.

"दाजी, गाडी आज मिळायची नाय."

"का? तवा तर विमान थांबवत हुतास."

"पुढचं झालंय. मागचं मी बघितलंच नाय. मागची चाकं धरत नायत. अक्काला यातनं नाय उतरवायचं."

दाजीच्या हातातला वडा हातातच राहिला. टोमणा मारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण लहूचा चेहरा बघून मिटलं. मग खिशातून फोन काढला आणि अक्काला लावला. तिचा आवाज पलीकडून सगळ्यांना ऐकू आला.

"लहूनं स्वतःहून सांगितलं? आमच्या लहूनं? बरा हाय ना तो?" आणि मग हसून, "सांगा त्याला, सावकाश कर. बाळाला विचारते एक दिस थांबतंय का."

मागचे ड्रम उघडले. आतमध्ये घाटातला लाल चिखल वाळून भाकरीसारखा बसलेला. लायनर ड्रमवर दाबणारा छोटा सिलेंडर गंजून गच्च झालेला. तेल दाबलं तरी त्याचा दट्ट्या तसूभर हलत नव्हता. दुसऱ्या बाजूलाही तेच. लहू एरवी म्हणाला असता, "आयला, कसलं भंगार!" आज तो म्हणाला, "कधीपासनं असंच बसलं हुतं, चाचा." आणि गुमान घासायला बसला.

नवे सिलेंडर बसवले, लायनर बदलले, लायनर आणि ड्रममधलं अंतर नीट जुळवलं. मग जुनं तेल काढलं. ते काळंकुट्ट निघालं, टपरीवरच्या उरलेल्या चहासारखं. नवं तेल भरताना नळीत हवा राहू नये म्हणून एकानं वर बसून ब्रेक दाबायचा आणि एकानं खाली चाकापाशी नट सोडायचा. वर दाजीला बसवलं.

"दाबा!" खालून लहू ओरडायचा. "धरून ठेवा!"

"धरलाय!"

"सोडू नका!"

"आरं, लग्नात तुझ्या बहिणीचा हात धरला, तेव्हा पण कुणी एवढं ओरडलं नव्हतं!"

"ती तुम्हाला धरून बसलीय, दाजी. तुमी ब्रेक धरा!"

चाचा हसता हसता खोकायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत पोती भरली आणि परत घाट. या वेळी दाजी चालवत होता. उतार लागल्याबरोबर त्यानं सवयीनं गाडी न्यूट्रलला टाकली. चाचानं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"डिझेल वाचतं, चाचा."

"डिझेल वाचवायचंय का बायको? गिअरमधी ठेव. इंजिनाला पण भार उचलू दे की. नायतर ह्या पोरानं कितीबी चांगला ब्रेक बसवला, तरी तू एका घाटात जाळशील. आन् दर वर्षाला तेल बदलायला गाडी हितं आणायची. चिखल बसला का तेबी बघायचं. ब्रेक बसवला आन् विसरला, असं नसतं."

दाजीनं मुकाट्यानं गिअर टाकला. खाली आल्यावर आधी लहू उतरला आणि चारी चाकांपाशी हात नेऊन आला. पुढची जास्त गरम, मागची कोमट. त्यानं चाचाकडे बघितलं. चाचा म्हणाला, "असंच पायजे. पुढच्याला थोडं जास्त ऱ्हाणारच. पण एकटं नाय आता ते." आणि गाडीची किल्ली काढून ती लहूच्या हातून दाजीला दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून लहूचं कामात लक्ष नव्हतं. एकच नट त्यानं लावला, काढला, परत लावला. घाटाकडे कान लावून बसला होता. चाचा नेहमीसारखा गाडीखाली पडलेला, पण आज घोरत नव्हता.

ऊन चढल्यावर शेवटच्या वळणावर पिकअप दिसली. मागं कोबीची पोती, वर अक्काच्या पिशव्या, सगळ्यांत वर उलटी बांधलेली बादली. इंजिन गिअरमध्ये हळू गुरगुरत होतं. गाडी वळली, हळू झाली आणि गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. कधी थांबली तेही कळलं नाही.

लहू धावत सुटला. विचारायचं काय काय ठरवून ठेवलं होतं त्यानं. ब्रेक कसा लागला, पाय कुठवर गेला, वास आला का, अक्का काय म्हणाली. खिडकीपाशी पोचला आणि तोंड उघडलं.

दाजीनं ओठांवर बोट ठेवलं.

अक्का झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, गालाखाली पदराची घडी, एक हात पोटावर. सगळा घाट, सगळी वळणं, तिच्या झोपेला धक्का लागला नव्हता.

लहू तसाच उभा राहिला. मागून चाचा येऊन उभा राहिला. त्यानं नुसतं लहूच्या खांद्यावर हात ठेवला. मग लहूनं दाजीला हातानंच खूण केली, घरापर्यंत झोपू दे तिला, आणि गाडी सावकाश पुढं गेली.